आजोबांच्या हातात पेन्सिल द्या

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात):

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे, मुलगी पाच वर्षांची. मुलगा लिटल लीगमध्ये खेळतो आणि त्याला बेसबॉलशिवाय दुसरं काही सुचत नाही. माझे सासरे ७६ वर्षांचे, सासूबाई ७१. दोघं मे महिन्यात दादरहून आलेत आणि ऑक्टोबरपर्यंत राहणार आहेत. सासरे बँकेतून निवृत्त झाले. कांगा लीगमध्ये, म्हणजे मुंबईच्या पावसाळी क्रिकेट स्पर्धेत, एका क्लबसाठी त्यांनी वीस-बावीस वर्षं स्कोअरर म्हणून काम केलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे एका मोठ्या स्टेडियममध्ये मॅचला गेलो होतो. जुलैची दुपार, अगदी वरच्या मजल्यावरची तिकिटं, चढायला पायऱ्याच पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मधुमेहही आहे. सामना नऊ इनिंग्जचा, तिसऱ्या इनिंगला सासरे म्हणाले, ‘सगळेच फुलटॉस! याला काय खेळ म्हणायचं?’ मुलगा गप्प झाला आणि रात्री अंथरुणात रडला. पाचव्या इनिंगला आम्ही उठून आलो. आता ऑगस्टमध्ये त्याचा बारावा वाढदिवस आहे आणि त्याला एकच भेट हवी आहे: सगळ्यांनी मिळून मॅचला जायचं. नवरा म्हणतो, आई-बाबांना घरीच राहू दे, उगाच त्यांना त्रास. मला ते पटत नाही, पण मागच्यासारखं पुन्हा झालं तर मुलाचा वाढदिवस जाईल. सगळ्यांना आनंद होईल असं मी काय करू?

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी लागोपाठ दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. पत्रात तुमचा मुलगा बोलतो, सासरे बोलतात, नवरा बोलतो. सासूबाईंचं मात्र एकही वाक्य नाही. त्यांचे गुडघे आहेत, त्यांची साखर आहे, त्यांना होणारा त्रास आहे. त्यांना स्वतःला काय वाटतं ते कुठेच नाही. तुम्ही त्यांची काळजी करता हे ओळीओळीत दिसतं, म्हणून हा दोष म्हणून सांगत नाही. घरातल्या सगळ्यांची व्यवस्था एकटीने बघणाऱ्या बाईकडून हे सहज होतं. आपण माणसाच्या दुखण्याची नोंद घेतो आणि माणसाला विचारायचं राहून जातं.

विचारतानाही जरा जपून. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ‘आई, तुम्ही येणार ना मॅचला?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: ‘तुम्ही म्हणाल तसं.’ त्या पिढीतल्या बायकांना स्वतःची इच्छा चारचौघांत सांगायची सवय कुणी लावलेलीच नाही. दोघी भाजी निवडत असाल, फिरायला गेला असाल, तेव्हा वेगळं विचारा: ‘मागच्या वेळी सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला होता?’ या प्रश्नाला हो-नाही करून चालत नाही, खरं काहीतरी सांगावंच लागतं. तुम्ही गुडघे धरून चालला आहात. कदाचित त्या सांगतील, स्वच्छतागृह लांब होतं म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायले नाही. कदाचित म्हणतील, माझ्यासाठी सगळे पायरीपायरीवर थांबत होते, त्याची लाज वाटली. किंवा तिकिटाचे डॉलर मनात रुपयांत करून त्या बसल्या असतील आणि एवढे पैसे घालून आपण अर्ध्यातून उठवून आणलं, हे त्यांना अजून सलत असेल. यातल्या प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. कारण कळल्याशिवाय तुम्ही जे कराल ते अंदाजाने केलेलं असेल.

आणि त्या ‘नको’ म्हणाल्या, तर ते ‘नको’ खरं माना. त्या दिवशी त्या घरी थांबल्या, संध्याकाळी केकला हजर राहिल्या, तर वाढदिवस अपुरा राहत नाही. पण तो निर्णय त्यांचा असू दे, तुमच्या नवऱ्याचा नको. ‘आई-बाबांना त्रास नको’ या वाक्यात माया आहे, हे मला मान्य आहे. तरी माणसांना न विचारता त्यांच्या वतीने ठरवणं त्यांना फार लवकर म्हातारं करून टाकतं. जी माणसं सत्तरी ओलांडून इतका लांबचा विमानप्रवास करून नातवंडांपर्यंत आली, ती तीन तासांच्या मॅचबद्दल स्वतः बोलू शकतात.

आता सासऱ्यांच्या त्या वाक्याकडे येते, कारण तुमच्या घरातलं खरं दुखणं तिथे आहे.

‘सगळेच फुलटॉस’ हे तुम्ही अपमान म्हणून ऐकलंत आणि मुलानेही तसंच ऐकलं. माझ्या कानाला ती एका जाणकाराची तक्रार वाटली. ज्या माणसाने वीस वर्षं मुंबईच्या पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर चेंडू काय काय करतो ते पाहिलं, त्याला टप्पाच नसलेला खेळ दिसला तर तो दुसरं काय म्हणेल? टप्पा पडल्यावर चेंडू वळतो, उसळतो, खाली राहतो. त्याच्या लेखी गोलंदाजी म्हणजे तेच. इथली सगळी फसवणूक हवेतच उरकते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. पिचर, म्हणजे इथला गोलंदाज, चेंडूवर बोटं कशी ठेवतो, शिवणीवर की शिवणीच्या बाजूला, त्यावर चेंडू आत येतो, बाहेर जातो किंवा बॅटजवळ आल्यावर एकदम खाली पडल्यासारखा होतो. स्विंग आणि फ्लाइट कळणाऱ्या माणसाला हे समजायला एक संध्याकाळ पुरे.

अंतरंही त्यांना आवडतील. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची, पण दोन्ही बाजूंची चार-चार फुटांची क्रीज वजा केली तर क्रीजपासून क्रीजपर्यंत ५८ फूट उरतात. बेसबॉलमध्ये पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथपर्यंतचं, अंतर आहे ६० फूट ६ इंच. म्हणजे फलंदाजाला विचार करायला मिळणारी जागा दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. फरक एवढाच की इथे हातातली बॅट गोल असते, आणि स्टंपांमागे लेट कट मारून चौकार मिळायचा तो इथे फाऊल ठरतो, म्हणजे त्यावर धाव मिळत नाही. हे नातवाने आजोबांना सांगायचं आहे, तुम्ही नाही. ते का, ते पुढे लिहिते.

सासरे स्कोअरर होते, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच वाक्यात आहे. बेसबॉलचा स्कोअर लिहायची पद्धत क्रिकेटच्या माणसाच्या हातून घडली आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला वार्ताहर न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या द्यायचा. १८५६ च्या सुमारास त्याने बेसबॉलचा चांगला सामना पाहिला आणि तो त्या खेळाच्या प्रेमात पडला. पुढे क्रिकेटच्या स्कोअरकार्डाच्या धर्तीवर त्याने बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’ घडवला. आज अमेरिकेत मॅचच्या दुसऱ्या दिवशी जो तक्ता छापून येतो, त्याचं मूळ तिथे आहे. चॅडविकचा मुक्काम ब्रुकलिनचा, आणि ज्या मैदानावर त्याला या खेळाने पकडलं ते एलिजियन फील्ड्स तुमच्याच न्यू जर्सीत, होबोकेनला. बेसबॉलच्या आरंभीच्या काळातला १८४६ सालचा प्रसिद्ध सामनाही तिथलाच. एडिसनहून होबोकेन किती लांब ते तुम्हाला माहीत आहे. एखाद्या रविवारी आजोबा-नातू तिथे चक्कर मारून येऊ शकतील.

स्कोअर लिहायची खूण-भाषा अशी: प्रत्येक खेळाडूला त्याच्या जागेचा आकडा असतो. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, सेकंड आणि थर्डच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि बाहेरचे तिघं डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंडला दिला, त्याने फर्स्टला, आणि दोघं बाद झाले, तर लिहायचं ‘६-४-३’. फलंदाज तीन स्ट्राइक्सनी बाद झाला की इंग्रजी ‘के’ काढायचा, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर तोच ‘के’ उलटा. ज्या हाताने मेडन ओव्हरचा एम काढला, त्या हाताला उलटा ‘के’ काढताना काय मजा येईल, विचार करा.

मागच्या वेळी तुम्ही सासऱ्यांना प्रेक्षक म्हणून नेलंत. त्यांच्यासारख्या माणसाला मैदानावर नुसतं बसणं जमत नाही. त्यांना नोंद ठेवायला द्या. वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधी एक बेसबॉलचं स्कोअरबुक आणा, दोन टोकदार पेन्सिली आणि एक खोडरबर. टीव्हीवर दोन-तीन सामने लावा आणि मुलाला सांगा, आजोबांना स्कोअर लिहायला तू शिकवायचं. तुम्ही खोलीतून बाहेर जा. खरोखरच जा, कारण तुम्ही असलात की दोघांच्यामध्ये दुभाषी होऊन बसाल. मुलाचं मराठी अडखळेल, आजोबा तिसऱ्यांदा तेच विचारतील, थोडी चिडचिड होईल. होऊ दे. त्या मुलाला दोन वर्षांपूर्वी जे लागलं, ते तुमच्या मध्यस्थीने भरून येणार नाही. आजोबांनी त्याला ‘थांब, हे पुन्हा सांग’ म्हटलं की भरून येईल.

मुलाबद्दल हेच सांगायचं होतं. तुम्ही लिहिता, त्याला सगळ्यांबरोबर मॅच बघायची आहे. मला वाटतं, त्याला हे दाखवायचं आहे की या एका गोष्टीत मला खूप काही कळतं. अकरा-बारा वर्षांच्या, इथे जन्मलेल्या मुलाला आजी-आजोबांसमोर बहुतेक वेळा कमीपणाच येतो. त्याचं मराठी अर्धवट, श्लोक विसरलेला, कारल्याची भाजी नको. बेसबॉल हा एकच प्रांत असा आहे जिथे तो मोठा आणि आजोबा विद्यार्थी. त्यात ‘याला काय खेळ म्हणायचं’ हे वाक्य आलं, म्हणून तो रडला. सासऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते तुमच्या नवऱ्याने सांगावं. सुनेने सांगितलं तर ती तक्रार होते. त्यांच्या स्वतःच्या मुलाने सांगितलं, ‘बाबा, तुमच्या त्या बोलण्याने तो रात्री रडला होता, तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून सांगतोय,’ तर ते पोहोचेल. बहुतेक आजोबांना आपल्या शब्दाचं वजन माहीत नसतं, आणि कळलं की ते स्वतःहून सावरतात.

आता मॅच कुठे बघायची. मोठ्या लीगच्या स्टेडियमचा हट्ट सोडून बघा. तुमच्यापासून फार लांब नाही, ब्रिजवॉटरला सोमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे. २०२१ पासून हा संघ न्यूयॉर्क यँकीज या मोठ्या लीगच्या संघाचा डबल-ए संघ आहे, म्हणजे मुख्य संघाच्या दोन पायऱ्या खाली. यँकीजचा शॉर्टस्टॉप अँथनी व्होल्पी २०२२ साली या संघाकडून खेळत होता आणि २०२३ साली मुख्य संघात आला. तुमचा मुलगा न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाचा, मेट्सचा चाहता असला तरी उद्याचे खेळाडू इतक्या जवळून बघायला तो नाही म्हणणार नाही. मैदान लहान, गाडी लावल्यापासून खुर्चीपर्यंतचं चालणं कमी, तिकिटं मोठ्या स्टेडियमपेक्षा बरीच स्वस्त. आणि ब्रिजवॉटर म्हटलं की सासूबाईंना वेगळीच ओळख पटेल, कारण बालाजीचं मंदिर तिथेच आहे. आधी दर्शन, तिथल्या कँटीनमध्ये इडली-डोसा, मग मॅच. त्या दिवसात सासूबाईंची म्हणून एक जागा तयार होते, आणि पोटात ओळखीचं अन्न गेलेलं असतं. मधुमेही माणसाला हे फार महत्त्वाचं.

मुलाने मोठ्या स्टेडियमचाच हट्ट धरला, तर खुर्च्या निवडताना डोकं वापरा. वरचा मजला नको. खालच्या मजल्यावरही पहिल्या रांगांच्या मागे लागू नका. बहुतेक स्टेडियममध्ये खालच्या मजल्याला वरच्या बाजूने आत शिरावं लागतं, म्हणून मागच्या रांगांपर्यंत पोहोचायला पायऱ्या कमीत कमी. शिवाय त्या रांगांवर बऱ्याचदा वरच्या मजल्याची सावली असते. मैदानं साधारणपणे अशी बांधतात की फलंदाजाचं तोंड पूर्व-ईशान्येकडे येतं, त्यामुळे दुपार कलली की होम प्लेटच्या मागे आणि थर्ड बेसच्या बाजूला सावली आधी पोहोचते. तिथे समोर जाळीही असते, म्हणजे पाच वर्षांच्या मुलीच्या दिशेने जोरात फाऊल येण्याची धास्ती नको. पायऱ्या अजिबातच नको असतील तर तिकीट घेतानाच अपंगांसाठी राखलेल्या जागा विचारा. अशा एका जागेबरोबर लगतच्या तीन जागा सोबत्यांना घेता येतात. हे मागायला संकोच करू नका, इथे तो कायद्याने दिलेला हक्क आहे. दारापासून खुर्चीपर्यंत व्हीलचेअरवरून नेऊन सोडायची सोयही बऱ्याच ठिकाणी असते, फक्त ती आधी विचारून ठेवावी लागते.

वेळ संध्याकाळची घ्या. ऑगस्टची दुपार तुम्ही जुलैत एकदा पाहिली आहे. आणि मॅच लांबते ही भीतीही आता कमी झाली आहे. २०२३ पासून मोठ्या लीगमध्ये पिचरला घड्याळ लावलं, ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. त्यामुळे नऊ इनिंग्जचा सरासरी सामना तीन तासांहून सुमारे दोन तास चाळीस मिनिटांवर आला.

खाण्याचं. पिशवी किती मोठी चालते, बाहेरचं काय नेता येतं, पाण्याची बाटली कशी असावी लागते, हे प्रत्येक मैदानाचं वेगळं असतं. आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. साखरेची औषधं आणि त्यासोबतचं खाणं हातातल्या वेगळ्या पिशवीत ठेवा आणि दारावर तसं सांगा. बऱ्याच ठिकाणी रोख पैसे घेत नाहीत, म्हणून सासऱ्यांकडे एक कार्ड द्या, नाहीतर नातवाला काही घेऊन द्यायची त्यांची हौस खिशातच राहते. हॉट डॉगमध्ये बहुधा गोमांस असतं, घरात चालत नसेल तर मुलांनाही आधी सांगून ठेवा. आणि भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा नक्की घ्या. बेसबॉलच्या मैदानावर शेंगा फोडून टरफलं पायाशी टाकत बसणं ही इथली जुनी रीत आहे. शेंगा हातात आल्या की आपल्याकडची कुठलीही आजी परक्या देशात उरत नाही. माझ्या आईचं मी असंच पाहिलं. पहिल्या तीन इनिंग्ज ती अवघडून बसली होती, शेंगांचा पुडा आल्यावर शेजारच्या अनोळखी बाईला मूठभर देऊन तिने गप्पा सुरू केल्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना.

सासूबाईंना खेळ समजावून सांगायचं काम धाकटीला द्या. बेसवर पाय असेपर्यंत सुखरूप, सोडून पळालास आणि चेंडू घेऊन कुणी शिवलं की बाद. खांब-खांबोळी खेळलेल्या बाईला यात नवीन काय आहे? सातव्या इनिंगच्या मध्ये सगळं स्टेडियम उभं राहून हातपाय ताणतं आणि गाणं म्हणतं. गुडघ्यांसाठी तोवर थांबू नका, दर दोन इनिंग्जनंतर एक फेरी ठेवा. फेरीला सोबत मुलगा जाईल, म्हणजे तुमचा नवरा. ही जबाबदारी त्याच्याकडे सोपवा, नाहीतर तुम्ही संपूर्ण सामना स्वच्छतागृहाच्या वाटेवर बघाल.

एक तडजोड आधीच ठरवा आणि मुलालाही सांगा. पाच इनिंग्ज झाल्या की ज्याला निघायचं त्याने निघायचं, कुणी कुणाला अडवायचं नाही आणि रुसायचं नाही. शक्य असेल तर दोन गाड्या न्या. मागच्या वेळी सगळे एकदम उठलात, म्हणून मुलाला वाटलं की त्याच्या खेळामुळे सगळ्यांची दुपार फुकट गेली. या वेळी आजी आणि धाकटी लवकर निघाल्या तरी मॅच चालू राहील आणि तो शेवटपर्यंत बसेल. एकत्र जाणं म्हणजे एका रांगेत नऊ इनिंग्ज चिकटून बसणं, असं कुणी सांगितलंय?

बॉस्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, कुठेही आई-वडील उन्हाळ्यात राहायला आले असतील, त्या वाचकांनाही हेच लागू आहे. मैदान बदलेल, पण आधी विचारणं, पायऱ्या मोजणं आणि प्रत्येकाच्या हाताला काहीतरी काम देणं बदलणार नाही. क्रिकेटवाले वडील फारच हटून बसले तर त्यांना सांगा, १९३२ साली खुद्द डॉन ब्रॅडमन यँकी स्टेडियममध्ये जाऊन बेसबॉलचा महान खेळाडू बेब रूथ याला भेटून आले होते.

एक शेवटची गोष्ट, खास तुमच्यासाठी. ‘सगळ्यांना आनंद होईल असं मी काय करू’ या वाक्यातला ‘मी’ खोडा. नवऱ्याकडे आई-वडील, मुलाकडे आजोबा, धाकटीकडे आजी. तिकिटं तुम्ही काढा, कारण खुर्च्यांचं आता तुम्हाला कळलं आहे. त्यानंतर तुमच्या हातात शेंगांचा पुडा असू दे, बाकी काही नको. त्या संध्याकाळी कुणीतरी कंटाळेल, कुणाला तहान लागेल, यजमान संघ हरेलही. ते तुमच्या माथ्यावर घेऊ नका.

या शनिवारी सासूबाईंना तेवढा एक प्रश्न विचारा. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा. आणि मॅच झाल्यावर जमलं तर सासऱ्यांनी लिहिलेल्या स्कोअरच्या पानाचा फोटो पाठवा. उलटा ‘के’ किती वेळा आला, ते मला बघायचं आहे.